सहलीची एसटी कुठं न्यायची?



या आठवड्यात पुसेगावहून एक पत्र आलंय. पुसेगाव म्हटलं की पुष्कळांना साताऱ्याकडचं, सेवागिरी महाराजांच्या यात्रेचं पुसेगाव आठवतं. हे ते नव्हे बरं का! हे हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं पुसेगाव. पत्र लिहिणारा दोस्त आठवीत आहे. त्याच्या वर्गाची सहल जायची आहे. सरांनी अट घातली, की जागा जुनी हवी, इतिहासातली हवी आणि ती तुम्हीच ठरवायची. झालं! वर्गात दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणते वेरूळ-अजिंठा, दुसरी म्हणते जवळपास कुठंतरी. पत्राच्या शेवटी त्यानं बारीक अक्षरात लिहिलंय, ‘वेरूळची वर्गणी जास्त आहे, म्हणून आमच्यातले काही जण येणार नाहीत. ते कारण सांगत नाहीत, पण आम्हाला माहीत आहे.’

ही शेवटची ओळ मी दोनदा वाचली. उत्तर देताना तीच डोक्यात होती.

आधी वेरूळ-अजिंठ्याचा हिशेब करू. पुसेगावहून छत्रपती संभाजीनगर गाठायलाच पाच-सहा तास जातात. तिथून वेरूळ एका दिशेला आणि अजिंठा दुसऱ्या. म्हणजे दोन मुक्काम आले. त्यात अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद आणि वेरूळची मंगळवारी. हे न बघता गेलेली एखादी शाळा दारातून परत आलेली असतेच! दोन्ही ठिकाणं आयुष्यात एकदा तरी पाहायलाच हवीत, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पन्नास मुलांना अडीच दिवस बसमध्ये बसवायचं, कैलास लेण्यासमोर पाऊण तास उभं करायचं आणि ‘चला चला, उशीर होतोय’ म्हणत पुन्हा बसमध्ये कोंबायचं, याला सहल म्हणावं का?

ही घाई फक्त आपल्याकडेच आहे असं समजू नका. इंग्लंडमध्ये लंडनहून रोज सकाळी मोठ्या आरामबस निघतात. विंडसरचा किल्ला, बाथ गावातली रोमन लोकांची स्नानगृहं आणि सॅलिसबरीच्या माळावरचं स्टोनहेंज, असं तिन्ही एकाच दिवसात दाखवून रात्री परत. आपल्याकडची मंडळीही तिथं गेली की बहुधा याच बसने हिंडतात. खिडकीतून हिरवी कुरणं, मेंढ्या आणि दगडी कुंपणं बघत जायचं. मग एका माळावर प्रचंड शिळांचं वर्तुळ दिसतं. त्या शिळा उभ्या केल्या त्याला साडेचार हजार वर्षं झाली. त्यातल्या काही दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या वेल्समधून आणलेल्या आहेत. मधोमध आडवी पडलेली एक शिळा तर पार उत्तरेकडच्या स्कॉटलंडमधली आहे, असं २०२४ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. चाकाची गाडी नसताना ती एवढ्या लांब आणली कशी, या प्रश्नावर अजून वाद चाललेत.

पण आज तुम्ही स्टोनहेंजला गेलात तर शिळांना हात लावता येत नाही. दोरीबाहेरून फेरी मारायची. का? तर पूर्वी लोक हातोड्या घेऊन यायचे आणि आठवण म्हणून शिळांचे टवके उडवून न्यायचे. काहींनी नावं कोरली. १९१५ साली ही जागा चक्क लिलावात निघाली, सेसिल चब नावाच्या गृहस्थांनी ती ६,६०० पौंडांना घेतली आणि १९१८ साली देशाला देऊन टाकली. तरी माणसं इतकी यायची, की १९७० च्या दशकाच्या अखेरीस दोरी बांधावीच लागली.

नावं कोरण्यावरून आठवलं. अजिंठ्याच्या १० नंबरच्या लेण्यात एका खांबावर, जुन्या चित्रावरच, एक नाव खरवडलेलं आहे : जॉन स्मिथ, २८ एप्रिल १८१९. हा मद्रासच्या पलटणीतला इंग्रज अधिकारी. शिकारीच्या नादात त्याला लेणी दिसली, असं सांगतात. गंमत म्हणजे ते नाव माणसाच्या डोक्याच्याही वर आहे. स्मिथसाहेब काही ताडमाड उंच नव्हते. तेव्हा लेण्यात दगडमातीचा ढीग साचला होता, त्यावर उभं राहून त्यांनी हा पराक्रम केला. पुढं ढीग उपसला गेला आणि नाव वर टांगलेलं राहिलं. दोनशे वर्षं झाली तरी गाईड ते बोट दाखवून सांगतात. आपलं नाव असं बोट दाखवण्यासाठी उरावं असं कुणाला वाटत असेल, तर त्यानं खुशाल खडू घेऊन आपल्या घराच्या भिंतीवर प्रयोग करावा. आईचं काय म्हणणं पडतं ते मला कळवावं!

तर आता तुमची सहल. माझं मत दुसऱ्या पार्टीला. दोन मुक्कामांची एक सहल काढण्यापेक्षा एकेका दिवसाच्या दोन सहली काढा. सकाळी डबा घेऊन निघायचं, दिवेलागणीला घरी.

पहिल्या दिवशी नरसी आणि औंढा नागनाथ. नरसी तर तुमच्या शेजारचंच, कयाधू नदीच्या काठी. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ते ओळखलं जातं. जन्म १२७० चा. तिथं पगडीवाले शीख भाविक दिसले तर चकित होऊ नका. नामदेव पंजाबात गेले, तिथं घुमान गावी राहिले, आणि त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत. विचार करा, कयाधूकाठचा माणूस, ना रेल्वे ना मोटार, आणि त्याचे शब्द पंजाबात आजही रोज म्हटले जातात. २०१५ साली मराठी साहित्य संमेलन घुमानला भरलं ते याचमुळं.

नरसीहून हिंगोलीवरून औंढ्याला जा. इथल्या नागनाथाला बारा ज्योतिर्लिंगांत मानतात. गुजरातेत द्वारकेजवळचे आणि उत्तराखंडातल्या जागेश्वरचे लोक तो मान आपल्याकडे असल्याचं सांगतात, पण त्या भांडणात आपण पडू नये. तुम्ही देवळात शिरण्याआधी बाहेरून एक सावकाश फेरी मारा. आणि एक कोडं सोडवा : देऊळ दोन वेळा बांधलंय, तर सांधा कुठं आहे? खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवांच्या काळातला, कोनाकोनांनी दुमडत गेलेला, मूर्तींनी भरलेला. वरचा भाग पुष्कळ नंतरचा, पेशवाईच्या वळणाचा. दोन हातांतलं अंतर तुम्हाला डोळ्यांनी दिसेल. पहिल्यांदा ज्याला सांधा सापडेल त्याला सरांनी एक शेंगदाण्याचा लाडू जास्त द्यावा.

अशा देवळाला आपण ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री पंडित हे यादव राजे महादेव आणि रामचंद्र यांचे मंत्री. पण चुना न वापरता, दगडात दगड बसवून देवळं बांधायची रीत त्यांच्या आधीपासूनची आहे. घडलेल्या दगडाला खाच आणि शेजारच्याला तशीच जीभ, त्यात वरून वजन, की हलायचं नाव नाही. घरी काड्यापेटीची कव्हरं एकमेकांत अडकवून बघा, थोडं लक्षात येईल.

गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद वाटेनं, अंग चोरून, एकेकानं उतरावं लागतं. खाली उकडतं. दम लागणाऱ्यांनी वरूनच नमस्कार करावा, देव रागावत नाही. मग देवळामागं जाऊन नंदी शोधा. नंदी मागं कसा? गोष्ट अशी सांगतात, की नामदेव समोर कीर्तन करत होते, पुजाऱ्यांनी त्यांना मागं हाकललं, ते मागं जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं. नामदेवांचे गुरू विसोबा खेचर भेटले तेही औंढ्यालाच, पिंडीवर पाय ठेवून झोपलेले! ‘देव नाही अशी जागा दाखव, तिथं माझे पाय ठेव,’ असं त्यांनी सांगितलं म्हणतात. देऊळ खरंच फिरलं का, असं कुणी वर्गात विचारेल. विचारू दे. पण ज्याला मागं बसवलं त्याच्याकडे देऊळ वळलं, ही गोष्ट लोकांना सातशे वर्षं सांगावीशी का वाटली, हेही मग विचारा.

दुसऱ्या दिवशी रिसोडमार्गे लोणार. उल्का आदळून पडलेलं जवळजवळ १.८ किलोमीटर रुंदीचं गोल विवर आणि त्यात खाऱ्या पाण्याचं सरोवर. काळ्या बेसॉल्ट खडकातलं असं विवर पृथ्वीवर दुर्मीळ. चंद्रावरचा खडकही असाच, म्हणून शास्त्रज्ञ इथं चंद्राचा अभ्यास करायला येतात. वय पूर्वी पन्नास हजार वर्षं सांगत, नव्या मोजणीत ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास निघालं. जुन्या पुस्तकातलं उत्तर लिहून मार्क गेले तर सरांशी नम्रपणे वाद घालायला हरकत नाही. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं होतं, ते खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळं. गावातलं दैत्यसूदनाचं देऊळ चुकवू नका. चांदणीसारख्या आकाराचा पाया आहे त्याचा. सरोवराकाठी पडकी देवळं आहेत, तिथं पायाखाली बघून चाला आणि सरांच्या नजरेआड जाऊ नका.

कुणी म्हणेल, वाशीमही जवळ आहे, ते का नाही? खरं सांगू, पाहायला गेलात तर फारसं जुनं काही हाती लागणार नाही. पण ऐका. वाशीमचं जुनं नाव वत्सगुल्म. दीड हजार वर्षांपूर्वी ती वाकाटकांची राजधानी होती. इथल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेतलं, तसा लेखच तिथं आहे. वाशीमजवळ हिस्से बोराळ्याला शके ३८० चा, म्हणजे इसवी सन ४५८ च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्यात ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे. म्हणजे अजिंठ्याचा हुकूम सुटला तो तुमच्या शेजारच्या गावातून! पहिल्या पार्टीला हे सांगा, त्यांचा राग थोडा उतरेल.

आता आई-बाबांसाठी आणि सरांसाठी चार ओळी. शाळेच्या सहलीला एसटीच्या भाड्यात ५० टक्के सवलत मिळते. शाळेचं पत्र घेऊन हिंगोली आगारात आधीच जायचं. एका दिवसाच्या सहलीला मुक्कामाचा खर्च नाही, जेवण घरच्या डब्याचं. एवढं करूनही कुणाला जड जात असेल, तर वर्गणी सगळ्यांसमोर नावं वाचून गोळा करू नका. पाकिटात घालून द्यायला सांगा, पाकिटावर नाव नको. ज्याला जमेल त्यानं जास्त घालावं, नसेल त्यानं कमी, आणि बेरीज सरांनी करावी. आमच्या ओळखीच्या एका शाळेत असं करतात. तिथं कुणी मागं राहत नाही आणि कोण का मागं राहिलं, हे बारीक अक्षरात लिहायची वेळ येत नाही.

तिसरी सहल फुकट आहे. बससुद्धा नको. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत मारुतीच्या देवळापाशी, वेशीजवळ, पारावर जुने कोरीव दगड टेकवून ठेवलेले असतात. शेंदूर फासून फासून नक्षी बुजलेली असते. त्यातले काही वीरगळ असतात, म्हणजे लढून मेलेल्या माणसाच्या आठवणीचे दगड. वीरगळ खालून वर वाचायचा. खालच्या चौकटीत लढाई किंवा मरून पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. खाली गाई कोरलेल्या असतील तर समजा, चोरांपासून गावची गुरं सोडवताना तो पडला. शाळेत त्याचं नाव शिकवत नाहीत, बहुधा दगडावरही नसतं.

तसंच गावाची ‘पांढरी’. शेतीची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, हे आजोबांना विचारा. जुन्या वस्तीच्या उंचवट्यावर पाऊस पडून गेला की खापरं, मणी, कधी नाणी वर येतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी असंच वेचून-जमवून हजारो वस्तू गोळा केल्या, त्यांच्या नावाचं संग्रहालय आज तिथं आहे. तेर म्हणजे प्राचीन तगर, रोमन जगाशी व्यापार करणारं शहर. तिथं सापडलेल्या हस्तिदंती बाहुलीसारखीच एक मूर्ती इटलीतल्या पाँपेई शहरातही सापडली आहे. तुम्ही मात्र उकरायला जाऊ नका. वर दिसलेलं खापर जागेवरच ठेवून चित्र काढा, आणि नाणं वगैरे सापडलं तर सरांकरवी तहसील कचेरीत कळवा, तसा कायदाच आहे.

पुसेगावच्या दोस्ता, तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात वीरगळ सापडला तर मला लिही. किती चौकटी आहेत, गाई आहेत का, तोंड कुठल्या दिशेला आहे. शेंदूर खरवडू नकोस. कागद लावून पेन्सिल घासायचीही गरज नाही, समोर बसून चित्र काढलंस तरी चालेल, वेडंवाकडं असलं तरी. आणि दोन पार्ट्यांचं शेवटी काय ठरलं, तेही कळव.