मनगटावरचा हिशेबनीस

माणसाने आपला विचार यंत्राच्या स्वाधीन करावा काय, हा वादविवाद स्पर्धांतला आवडता विषय. दोन्ही बाजूंची भाषणे आपल्याला पाठ असतात. मला मात्र या प्रश्नाचे खरे उत्तर पाणबुड्याच्या मनगटावर बांधलेल्या एका छोट्या संगणकात दिसते. माझा मामेभाऊ मालवणला पर्यटकांना समुद्रतळ दाखवण्याचे काम करतो. म्हणून हा विषय माझ्यासाठी केवळ कुतूहलाचा नाही.

पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन अधिक प्रमाणात रक्तात व ऊतींत विरघळतो. माणूस घाईने वर आला, की सोड्याची बाटली उघडल्यावर व्हावेत तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, प्रसंगी अंग लुळे पडते. जॉन स्कॉट हॉल्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली वर येण्याची कोष्टके प्रसिद्ध केली. आज तसाच हिशेब मनगटावरचा संगणक क्षणोक्षणी करतो. या खोलीवर आणखी किती मिनिटे राहता येईल ते दाखवतो, वर येण्याचा वेग वाढला तर इशारा देतो आणि अंगात उरलेला नायट्रोजन पुढच्या बुडीच्या खाती मांडतो.

पण हा हिशेब कोणाच्या शरीराचा? झुरिकच्या ब्यूलमान यांच्या प्रसिद्ध गणितात शरीराचे १६ कल्पित भाग धरले आहेत. यंत्राला खोली कळते, वेळ कळते. परंतु रात्री झोप झाली नाही, पाणी कमी प्यायले गेले, वय वाढले, हे ते सहसा जाणत नाही. टाकीत प्राणवायू ३२ टक्के असेल आणि यंत्रात २१ टक्के लावलेला असेल, तरी ते निमूटपणे चुकीचा हिशेब करीत राहते.

मग यंत्र टाकून द्यावे काय? मुळीच नाही. साधी कोष्टके सारी बुडी सर्वांत खोल जागीच झाली असे धरून चालतात. संगणक प्रत्यक्ष खोली मोजतो. शिवाय थकलेला माणूस विसरतो, यंत्र विसरत नाही. माझे म्हणणे इतकेच, की त्याला हिशेबनीस मानावे, गुरू मानू नये. बुडीचा बेत सोबत्याबरोबर किनाऱ्यावरच ठरवावा आणि मिनिटे संपण्याआधीच वर निघावे. एकच यंत्र आळीपाळीने दोघांनी वापरणे म्हणजे एकाची नाडी पाहून दुसऱ्याला औषध देणे होय.

पर्यटक एकदा बुडी मारून घरी जातो. त्याला नेणारा तरुण मात्र दिवसातून कितीदा तरी खाली-वर करतो आणि खरा धोका त्याच्या अंगात साठत जातो. अशा प्रत्येक तरुणाला त्याचे स्वतःचे यंत्र मिळाले पाहिजे. त्यामागचे गणितही त्याला त्याच्या भाषेत कळले पाहिजे. त्याशिवाय ते यंत्र मनगटावरचा एक दागिनाच ठरेल.