दायित्व किलोने मोजणारा कायदा

विमानप्रवाशाच्या फुटलेल्या पेटीचा प्रश्न या पानावर यावा, याचे काही कार्यकर्त्यांना नवल वाटेल. विमानाने जातो कोण? साहेब, व्यापारी आणि मंत्री! त्यांच्या बॅगेचे चाक मोडले, तर श्रमिकांच्या चळवळीने त्यासाठी अश्रू का ढाळावेत? हा आक्षेप एके काळी काहीसा खरा असेल. आज तो सपशेल खोटा आहे. आखातातून येणारे विमान मुंबईला उतरल्यावर सामानाच्या सरकत्या पट्ट्यापाशी जी माणसे ताटकळत उभी असतात, त्यांत रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातले गवंडी असतात, सुतार असतात, वीजकारागीर आणि वाहनचालक असतात. दोन-दोन वर्षांच्या कष्टाची कमाई पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून, दोरीने करकचून आवळून, वर ठळक अक्षरांत स्वतःचे नाव आणि गाव लिहून ती आणलेली असते. ते खोके पट्ट्यावर कोपरा फुटून, आतल्या वस्तूंचा चुरा होऊन येते, तेव्हा नुकसान कोणाचे होते? आणि त्याची भरपाई कोणी, किती आणि कोणत्या मापाने करायची, हे कोणी ठरवले?

या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधू जाता जे हाती लागते, ते भांडवलदारी कायदेशास्त्राचा अस्सल नमुना म्हणावे असे आहे.

बाळसे धरलेले बाळ

१२ ऑक्टोबर १९२९ रोजी वॉर्सा येथे आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचा करार झाला. विमानधंदा त्या वेळी बाल्यावस्थेत होता. एका अपघातात कंपनी बुडू नये म्हणून तिच्या दायित्वाला कमाल मर्यादा घालण्यात आली. नोंदवलेल्या सामानासाठी ही मर्यादा किलोमागे २५० सुवर्ण फ्रँक अशी होती. एवढ्यावर भागले नाही. वैमानिकाच्या हातून विमान चालवण्यात चूक झाल्याचे कंपनीने सिद्ध केले, तर सामानाच्या भरपाईतून तिची पूर्ण सुटका होत असे. स्वतःच्या नोकराची चूक दाखवून मालकाने मोकळे व्हावे, अशी ही अजब तरतूद होती. ती काढून टाकण्याचे ठरायला १९५५ चा हेग मसुदा यावा लागला. भारतात हा करार १९३४ च्या कायद्याने ब्रिटिश राजवटीत आला आणि १९७२ च्या विमानवाहतूक कायद्याने त्याची हेग आवृत्ती स्वीकारण्यात आली.

बाळाला टोपडे घालावे, यात गैर काही नाही. पण बाळाने बाळसे धरले, ते जगभर धावू लागले, त्याच्या नफ्याचे आकडे वर्तमानपत्रांत झळकू लागले, तरीही टोपडे डोक्यावरून काढायचे नाही, हा कोणता न्याय? १९७२ साली निदान एवढे तरी म्हणता येत होते की, देशातील दोन्ही मोठ्या विमानकंपन्या सरकारी आहेत आणि भरपाई जनतेच्या तिजोरीतून जाते. १९९४ साली सरकारी मक्तेदारीचा कायदा गेला. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडियाही खाजगी मालकाच्या हवाली झाली. आज ही मर्यादा रक्षण करते ते भागधारकांच्या लाभांशाचे.

सोन्याचा शब्द, कागदाची फेड

सुवर्ण फ्रँकची कथा प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावी अशी आहे. हा फ्रँक म्हणजे ९०० शुद्धतेचे ६५.५ मिलिग्रॅम सोने. म्हणजे किलोमागे २५० फ्रँक याचा अर्थ साधारण पावणेपंधरा ग्रॅम शुद्ध सोने. चलनाची किंमत घसरली तरी प्रवाशाचा हक्क घसरू नये, यासाठीच करारकर्त्यांनी सोन्याचे माप धरले होते. वीस किलोंची पेटी हरवली, तर कमाल भरपाई पाव किलोहून अधिक सोन्याइतकी, असा तो शब्द होता.

प्रत्यक्षात काय घडले? अमेरिकी सरकारने सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ४२.२२ डॉलर असा कागदावर धरून ठेवला होता. त्या भावाने पावणेपंधरा ग्रॅमचे झाले २० डॉलर. तिकिटांच्या पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेला ‘किलोला २० डॉलर’ हा आकडा असा जन्माला आला. जानेवारी १९८० मध्ये सोन्याचा बाजारभाव औंसाला ८५० डॉलरवर गेला. त्या भावाने तीच भरपाई किलोमागे ४०० डॉलर व्हायला हवी होती. कंपन्या मात्र विसाव्या हिश्श्यावर अडून बसल्या. अधिकृत भाव १९७८ साली कायद्यानेच रद्द झालेला होता. तरीही ‘ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स विरुद्ध फ्रँकलिन मिंट’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली तोच मेलेला भाव ग्राह्य धरला. अडीच लाख डॉलरच्या मालाची बोळवण सुमारे साडेसहा हजार डॉलरवर झाली. सोन्याने दिलेला शब्द कागदाने फेडला गेला, आणि त्यावर न्यायालयाची मोहोर उमटली.

शिवाय वजनाचे माप हेच मुळात अन्याय्य होते. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेल्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. असा चार किलोंचा तंबोरा विमानात फुटला असता, तर या हिशेबाने त्याची किंमत ८० डॉलर. आणि चाळीस किलो लोखंडी सळ्या हरवल्या, तर ८०० डॉलर! माणसाची कला, त्याचे कौशल्य, त्याच्या हाताचे वर्षानुवर्षांचे वळण यांना या तराजूत स्थानच नव्हते.

एकच पेटी, दोन भाव

किलोचे हे माप १९९९ च्या माँट्रियल कराराने मोडीत काढले. या करारानुसार नोंदवलेले सामान कंपनीच्या ताब्यात असताना खराब झाले, तर प्रवाशाला कंपनीचा दोष सिद्ध करावा लागत नाही. भरपाईची कमाल मर्यादा दरडोई १,००० एसडीआर, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या हिशेबी चलनात, ठरली. महागाईनुसार ती वाढत जाऊन २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ झाली आहे. रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. भारत या करारात आला तो २००९ साली. त्याच वर्षाच्या अखेरीस मर्यादा १,१३१ वर गेली. पण ती वाढ अमलात आणण्याचा अधिकार सरकारला देणारी दुरुस्ती संसदेत मंजूर होण्यास २०१६ साल उजाडले. प्रवाशाच्या हक्काची फाइल अशी सात वर्षे धूळ खात राहिली.

तरीही आंतरराष्ट्रीय प्रवासी सुदैवी म्हणायचा. देशांतर्गत प्रवाशासाठी २०१४ च्या अधिसूचनेने ठरवलेली कमाल भरपाई आहे माणशी २०,००० रुपये. २०१९ साली मोठ्या गाजावाजाने निघालेल्या प्रवासी सनदेने तोच आकडा पुन्हा छापला. याचा अर्थ स्पष्ट आहे. दुबईहून मुंबईमार्गे नागपूरला एकाच तिकिटावर आलेल्या प्रवाशाची पेटी मुंबई-नागपूर टप्प्यात फुटली, तर मर्यादा पावणेदोन लाखांची. त्याच विमानात, त्याच कप्प्यात, तिच्या शेजारी ठेवलेली मुंबईच्या प्रवाशाची तशीच पेटी फुटली, तर वीस हजारांची. विमान एक, पट्टा एक, उचलणारे हात एक. भाव मात्र दोन. अमेरिका ही काही समाजवाद्यांची पंढरी नव्हे. पण तेथेही देशांतर्गत प्रवासात कंपनीला ४,७०० डॉलरपेक्षा कमी मर्यादा घालता येत नाही आणि हा आकडा महागाईनुसार ठराविक काळाने वाढवला जातो. ‘जागतिक दर्जाचे विमानतळ’ उभारल्याच्या गर्जना करणाऱ्यांना जागतिक दर्जाचे दायित्व तेवढे नको असते!

दोष भोपळ्याचा!

मर्यादेच्या आतली रक्कम तरी सुखाने मिळते काय? सामानातील ‘अंगभूत दोषा’मुळे नुकसान झाले असेल, तर त्या प्रमाणात कंपनीची सुटका होते, असे करार सांगतो. या पळवाटेतून कंपन्या हत्ती नेऊ पाहतात. चाक तुटले? ही झीज. मूठ उखडली? बाहेर आलेला भाग. तंबोरा फुटला? भोपळा मुळातच नाजूक, दोष भोपळ्याचा! वस्तू नाजूक असणे आणि वस्तूत दोष असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे न कळण्याइतके कंपन्यांचे वकील अडाणी नाहीत. खिडकीपाशी ‘आपल्या जोखमीवर’ अशा अर्थाच्या चिठ्ठीवर प्रवाशाची घाईघाईने सही घेतली जाते. वस्तुतः कराराच्या २६ व्या कलमानुसार दायित्व टाळणारी किंवा मर्यादा खाली आणणारी अटच रद्दबातल ठरते. उलट, जादा शुल्क भरून सामानाचे अधिक मूल्य आगाऊ घोषित करण्याची सोय करारात आहे. तिचा पुकारा मात्र कोणी करीत नाही.

अपंग प्रवाशाची चाकाची खुर्ची हीदेखील या कायद्याच्या दृष्टीने निव्वळ सामान आहे. जी वस्तू माणसाचे पाय झाली आहे, तिला सुटकेसच्या पंक्तीला बसवायचे आणि विजेवर चालणाऱ्या महागड्या खुर्चीच्या भरपाईलाही तीच मर्यादा लावायची, याला संवेदनशून्यता याखेरीज दुसरा शब्द नाही.

आणि मुदत? नुकसानीची लेखी तक्रार सात दिवसांत झाली नाही, तर दावाच संपतो. निमूटपणे सामान स्वीकारले, तर ते सुस्थितीत मिळाल्याचा प्रथमदर्शनी पुरावा मानला जातो. कोकणातला कामगार विमानातून उतरल्यावर तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून घरी पोहोचतो. सगेसोयरे जमतात, मग कधीतरी खोके सोडले जाते. आतला मिक्सर फुटलेला आहे हे तेव्हा कळते. तक्रार कोठे करायची, कोणत्या भाषेत करायची, खरेदीच्या पावत्या कोठून आणायच्या? हे समजेपर्यंत आठवडा उलटलेला असतो. सामान उशिरा मिळाल्याच्या तक्रारीस एकवीस दिवस देणारा करार फुटलेल्या सामानास सातच दिवस देतो.

हमालाच्या माथी खापर

या प्रश्नाची दुसरी बाजू चळवळीने कदापि विसरता कामा नये. अधूनमधून विमानतळावरील हमाल सामान फेकत असल्याची चित्रफीत पसरते, मध्यमवर्गाचा संताप उसळतो, कंपनी खेद व्यक्त करते आणि कारवाईची कुऱ्हाड कोसळते ती कंत्राटी कामगारावर. तो कामगार पुष्कळदा विमानकंपनीचा नसतोच. भूसेवा देणाऱ्या निराळ्याच कंपनीचा किंवा तिच्याही ठेकेदाराचा असतो. मे २०२५ मध्ये तुर्की मालकीच्या अशा एका कंपनीची सुरक्षा-परवानगी रद्द झाली, तेव्हा हजारो कामगारांची भाकरी एका रात्रीत टांगणीला लागली आणि आपले सामान नेमके कोणाच्या हातून जाते, हे पुष्कळ प्रवाशांना प्रथमच समजले.

लहान विमानाच्या पोटात ताठ उभेही राहता येत नाही. तेथे गुडघ्यांवर बसून, वाकून, एकामागून एक जड पेट्या रचाव्या लागतात. अर्ध्या तासात विमान रिकामे करून, भरून पुन्हा उडवायचे असते. कारण जमिनीवरचे विमान पैसा मिळवत नाही. माणसे कमी ठेवायची, वेळ कमी द्यायचा आणि पेटी फुटली की बोट हमालाकडे दाखवायचे, ही धूळफेक आहे. पेटी फेकणारा हात कामगाराचा दिसतो, पण त्या हाताला घाई लावणारे घड्याळ मालकाचे असते. सामान कोणत्याही ठेकेदाराच्या हाती असो, प्रवाशाला उत्तर देण्याची जबाबदारी विमानकंपनीचीच. प्रवासी आणि हमाल यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्यात लाभ फक्त तिसऱ्याचा आहे.

भाडेवाढीचा बागुलबुवा

मर्यादा वाढवली तर भाडे वाढेल, असा धाक घातला जातो. मर्यादा वाढवली नाही म्हणून नुकसान नाहीसे होत नाही. ते एकट्या दुर्दैवी प्रवाशाच्या डोक्यावर बसते, एवढेच. शिवाय हा धोका काही अफाट नाही. विमानधंद्याच्याच हिशेबाप्रमाणे, उशिरा पोहोचलेले, हरवलेले किंवा खराब झालेले नग २००७ साली जगात दर हजार प्रवाशांमागे जवळपास १९ होते. २०२४ साली ते ६.३ वर आले. २०१८ पासून प्रत्येक नगाची चार टप्प्यांवर नोंद ठेवणे कंपन्यांनीच आपसांत बंधनकारक केले, त्याचाही या घटीत वाटा आहे. म्हणजे मनात आणले की सुधारणा होते. एवढा अल्प धोका लाखो तिकिटांवर विभागला, तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येईल? माँट्रियल कराराने प्रवाशाच्या मृत्यूबाबत निष्काळजी कंपनीचे दायित्व अमर्याद केले. त्यामुळे विमाने जमिनीवर खिळली नाहीत. मग सामानापाशीच आभाळ का कोसळावे?

मागण्या आणि काम

मागण्या स्पष्ट आहेत. देशांतर्गत मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेइतकी करावी आणि ती महागाईशी जोडावी. देशांतर्गत प्रवासात तक्रारीची मुदत एकवीस दिवस करावी. विमानतळावर तक्रारीचे नमुने मराठीसह भारतीय भाषांत मिळावेत. जोखीम प्रवाशावर ढकलणाऱ्या चिठ्ठ्यांवर बंदी घालावी. चाकाच्या खुर्चीची पूर्ण किंमत भरून द्यावी. भूसेवेतील कामगारांना कायम नोकरी आणि पुरेसे मनुष्यबळ मिळावे. भरपाईची रक्कम त्यांच्या वेतनातून कापणे हा गुन्हा ठरावा.

परंतु मागण्यांचे निवेदन दिल्लीला धाडून कार्यकर्त्याचे काम संपत नाही. आखातात माणसे गेलेली आहेत अशा प्रत्येक गावात काही साध्या गोष्टी पोहोचल्या पाहिजेत. सामान पट्ट्यावरून उचलताच तपासावे, फुटके दिसल्यास दालनातून बाहेर पडण्यापूर्वी नुकसानीचा अहवाल नोंदवून त्याची प्रत घ्यावी, छायाचित्रे काढावीत, सामानाची चिठ्ठी फेकू नये, सात दिवसांच्या आत लेखी तक्रार करावी. कंपनीने दाद दिली नाही, तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तेथे शुल्क पडत नाही. विमानवाहतुकीचे दावे ग्राहक न्यायपीठांपुढे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. ज्या शाखा शिधापत्रिकेचा आणि सातबाराचा अर्ज भरून देतात, त्यांनी हा अर्जही भरून द्यावा. एकाच तालुक्यातून असे पन्नास दावे उभे राहिले, तर दोरीने बांधलेल्या त्या खोक्याकडे पाहण्याची कंपन्यांची दृष्टी बदलल्यावाचून राहणार नाही.