पोथी, पेनड्राइव्ह आणि आमचा आळस

आमच्या गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक. विषय क्रमांक चार, नवीन संगणकाची खरेदी. चिटणीस कपाळाला आठ्या घालून मला म्हणाले, "भाई, हो कंप्युटर आतां मेलो अशें समज. दुकानदारान सांगलां."

मी चौकशी केली. संगणक चालू होत होता, अक्षरे उमटत होती, छपाईही होत होती. मग मेला म्हणजे काय? तर १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मोफत देखभाल संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ च्या पुढचा लागतो. आमचा बिचारा त्याआधी जन्मलेला. म्हणून त्याला भंगारात काढायचे आणि पस्तीस हजारांचा नवा आणायचा. पैसे कुठून? पुस्तक-खरेदीच्या खात्यातून! वाचनालयाने वर्षभर एकही नवे पुस्तक घ्यायचे नाही, पण ज्यावर पुस्तकांची यादी टंकायची तो संगणक मात्र कोरा करकरीत हवा. आणि या ठरावाला विरोध करणारा मी एकटा.

वाचकहो, मी संगणकतज्ज्ञ नाही. आयुष्य मराठी शिकवण्यात गेले. तरीही एक गोष्ट ठासून सांगतो. बूट होणारा पेनड्राइव्ह तयार करता येणे ही आजच्या काळात साक्षरतेची बाब आहे. ज्या संस्थेत एकालाही तो करता येत नाही, ती संस्था आपली कागदपत्रे दुसऱ्याच्या भरवशावर टाकून झोपलेली आहे.

हे मी अनुभवाने बोलतो. तीन वर्षांपूर्वी याच वाचनालयाचा आधीचा संगणक एका सकाळी सुरू होईना. आम्ही तो उचलून दुकानात नेला. दुकानातल्या मुलाने 'फॉरमॅट' मारून दुसऱ्या दिवशी परत दिला. संगणक छान चालू लागला आणि त्यातली सूची गेली. आमच्या निवृत्त मास्तरांनी दोन वर्षे दुपारी येऊन जुन्या मासिकांच्या बांधीव खंडांची लेखवार सूची केली होती. कोणत्या अंकात कोणाचा लेख, कोणत्या पानावर, सगळे. दुसरी प्रत नव्हती. मास्तर काही बोलले नाहीत. यायचे मात्र बंद झाले.

त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याला संगणक चालू करायला सांगितले होते, तो त्याने चालू केला. दोष आमचा. डिस्क शाबूत असेल तर विंडोज कोसळली तरी फायली बहुधा जागच्या जागी असतात. त्या दिवशी कोणाच्या खिशात लिनक्सचा एक पेनड्राइव्ह असता, तर संगणक त्यावरून सुरू करून सूची दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यायला अर्धा तास पुरला असता. डिस्क कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्टेड असती तर तिची किल्ली लागली असती, पण आमची तशी नव्हती.

आता ही विद्या किती अवघड आहे ते पाहा. आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह घ्यायचा. त्यावरचे सगळे पुसले जाणार, म्हणून आधी तो रिकामा करायचा. लिनक्स मिंट किंवा डेबियनच्या अधिकृत स्थळावरून आयएसओ फाइल उतरवायची. मिंटची सुमारे तीन जीबीची असते. उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा स्थळावर दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा. हा सोपस्कार टाळू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्याच स्थळात घुसून कोणी तरी चोरदार ठेवलेली फाइल लोकांच्या गळ्यात मारली होती.

पुढची पायरी इथे बहुतेकांची चुकते. ते आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करतात आणि 'चालत नाही हो' म्हणतात. फणस पोत्यात आणून ठेवला म्हणजे गरे ताटात वाढले असे होत नाही! संगणक जागा होताना पेनड्राइव्हवर ठरलेल्या जागी सुरुवातीचा छोटा प्रोग्राम शोधतो. तो बंद आयएसओच्या पोटात राहिला तर त्याला दिसणार कसा? म्हणून रुफस किंवा एचर अशा मोफत साधनाने ती फाइल पेनड्राइव्हवर 'लिहावी' लागते. फाइल निवडायची, पेनड्राइव्ह निवडायचा, बटण दाबायचे. निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा, भलतीच डिस्क निवडाल तर तीच पुसली जाईल.

मग संगणक बंद करून पुन्हा सुरू करायचा आणि सुरू होताच एफ१२, एफ९ किंवा एस्केप दाबायचे. कोणती कळ ते कंपनीगणिक बदलते. यादीतून पेनड्राइव्ह निवडला की मिंट थेट त्यावरूनच चालू होते आणि आतल्या डिस्कला तुम्ही सांगेपर्यंत हात लावत नाही. वायफाय लागते का, प्रिंटर ओळखतो का, आवाज येतो का, सगळे तपासा. जुन्या फायली बाहेर काढून घ्या. पटले तरच कायमचे बसवा.

यावर आमच्या मंडळींचे आक्षेप ठरलेले. पहिला, 'हे तंत्रज्ञांचे काम.' अहो, सत्यनारायणाला भटजी लागतो हे मान्य, पण घरच्या देवापुढे दिवा लावायलाही तुम्ही त्यालाच बोलावता काय? दुसरा आक्षेप, 'त्यात मराठी टंकता येत नाही.' साफ खोटे. इनस्क्रिप्ट कळपाट निवडला की देवनागरी सुरू. तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये केलेल्या स्मरणिका तिथे धड दिसत नाहीत आणि हिशेबाचे काही प्रोग्राम चालत नाहीत. ज्याला ते हवेत त्याने विंडोज जरूर ठेवावी. पण युनिकोडमध्ये नसलेल्या त्या स्मरणिका फॉन्ट गेला की विंडोजवरही वाचता येत नाहीत. तो रोग निराळा, त्याचे खापर लिनक्सवर फोडू नका.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. १५५६ साली भारतातला पहिला छापखाना आमच्या गोव्यात उतरला. तो निघाला होता अ‍ॅबिसिनियाला, राहिला इथे. फादर स्टीफन्सचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोलला छापले गेले, ते रोमी लिपीत. यंत्र आमच्या भूमीवर, भाषा आमची, पण खिळे दुसऱ्याचे. त्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. छापखाना ज्यांच्या हाती नव्हता त्यांच्या हातात निदान नक्कल करण्याची ताकद होती आणि ती त्यांनी वापरली.

आज ती ताकद आपल्याला कायद्याने मिळालेली आहे. लिनक्सची नक्कल करा, शेजारच्या गावाला द्या, दहा संगणकांवर बसवा, परवाना तशी मुभा देतो. तरी आम्ही काय करतो? संमेलनात मराठीच्या अस्तित्वाचे ठराव करतो आणि मराठीचा पंचवीस वर्षांचा मजकूर ज्या पेटीत आहे, ती पेटी उघडायची किल्ली दुकानात ठेवतो. भाषेचा अभिमान भाषणापुरता आणि तिची कागदपत्रे भंगारवाल्याकडे, ही आमची तऱ्हा!

त्या बैठकीत मी एक महिना मागून घेतला. पुढच्या रविवारी दोन कॉलेजकुमारांना बसवून पेनड्राइव्ह त्यांच्याकडूनच तयार करून घेतला, मी फक्त शेजारी बसलो. दीड तास लागला. 'मेलेल्या' संगणकावर मिंट चालू आहे, ठराव मागे घेतला आहे आणि पस्तीस हजार पुस्तकांच्याच खात्यात आहेत. पेनड्राइव्ह वाचनालयाच्या किल्लीशेजारी खिळ्याला टांगला आहे. वर्षातून एकदा तो नव्या आवृत्तीने लिहायचा, असे इतिवृत्तात नोंदवून घेतले आहे.

एक काम राहिले आहे. मास्तरांच्या घरी जाऊन सूची पुन्हा सुरू कराल का म्हणून विचारायचे आहे. या वेळी दोन प्रती ठेवू, हे सांगायला मी एकटा न जाता त्या दोन मुलांना बरोबर नेणार आहे. तुमच्या वाचनालयात असे एखादे मास्तर असतील, तर त्यांची सूची जाण्याआधीच एक पेनड्राइव्ह करा.