अंतर एक, वेळा दोन

न्यूयॉर्कचा केनेडी विमानतळ आणि लंडनचा हीथ्रो यांच्यातलं अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर. या आकड्याला विमानाच्या वेगाने भागून 'प्रवासाला इतके तास' असं सांगण्याची पद्धत सर्रास आहे. माझ्या मते ती सोडून द्यायला हवी. अटलांटिकवरून जाणाऱ्या प्रवाशाला जातानाची आणि येतानाची वेळ वेगवेगळी सांगितली पाहिजे, तीही ऋतूनुसार.

कारण विमान कापतं ती हवा, आणि ती हवा स्वतःच चालत असते. साधारण तीस ते चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. ध्रुवाकडची थंडी आणि विषुववृत्ताकडची ऊब यांतला फरक हिवाळ्यात वाढतो, तसा त्याचा जोरही वाढतो. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून निघून ४ तास ५६ मिनिटांत हीथ्रोला उतरलं. जमिनीच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या वर गेला होता, तरी त्याने ध्वनीचा वेग ओलांडला नव्हता, कारण भोवतालची हवाच त्याला पुढे नेत होती. उलट दिशेने जाणाऱ्या विमानांना हाच वारा तोंडावर घ्यावा लागतो.

यावर कुणी म्हणेल, जाताना गेलेलं येताना मिळतं, मग सरासरी सांगितली तर बिघडलं काय? पण इथे हिशेब जुळत नाही. विमानाचा वेग ताशी ९०० आणि वारा १५० धरा. वारा नसता तर जाऊन येऊन १२ तास २० मिनिटं लागली असती. वारा पाठीशी असताना ५ तास १७ मिनिटं लागतात आणि समोरून असताना ७ तास २४ मिनिटं, म्हणजे एकूण १२ तास ४१ मिनिटं. पाठचा वारा थोडाच वेळ लाभतो आणि समोरचा जास्त वेळ छळतो, म्हणून तोटा कधीच पुरता भरून निघत नाही. तो कमी करायला वाटाच बदलाव्या लागतात. गँडर आणि प्रेस्टविकची नियंत्रण केंद्रं रोज वाऱ्याचा अंदाज घेऊन या महासागरावरचे मार्ग नव्याने आखतात. पूर्वेकडची विमानं पट्ट्यात शिरतात, पश्चिमेकडची त्याला वळसा घालतात. इंधनही किलोमीटरवर नाही, हवेत किती वेळ राहायचं त्यावर भरलं जातं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वारा रोज बदलतो, मग आधी काय सांगणार? रोजचा नेमका आकडा सांगता येणार नाही हे खरंच. पण दिशा आणि ऋतू यांचा कल पक्का आहे, आणि विमान कंपन्या त्यावरच वेळापत्रक बेततात. पूर्वेकडच्या फेरीला कमी वेळ आणि पश्चिमेकडच्या फेरीला जास्त, हे त्यांच्या कागदावर असतंच. अंतराचा एकच आकडा आणि तासांचा एकच अंदाज देणारी माहिती-पानं मात्र ते गाळतात. मुंबईहून लंडनमार्गे अमेरिकेतल्या मुलांकडे निघालेल्या आईवडिलांना न्यूयॉर्कला पुढचं विमान पकडायचं असतं. जानेवारीत मधे किती तास ठेवायचे, हे त्यांना तिकीट काढतानाच कळायला हवं.