तांब्याचे कडे आणि दुखण्याची गोळी

ऐन लावणीच्या दिवसांत सिल्वासा येथील एका परिचित कुटुंबाकडे आमचे जाणे झाले. चिखलात वाकून वाकून घरच्या आजींचे गुडघे सुजले होते. मनगटात तांब्याचे कडे होते, उशाशी तांब्याचा गडवा. गडव्याच्या आत हिरवट रेघ दिसली म्हणून विचारले, तेव्हा उलगडा झाला. आजी रात्री ॲस्पिरिनच्या दोन गोळ्या त्या पाण्यात टाकीत आणि सकाळी ते पाणी घेत. दोन दिवस त्यांना मळमळत होते. ‘‘कडे बाहेरून, गोळी आतून, दोघांची गाठ घातली तर काय बिघडले, भाऊ?’’ असे त्यांनी आम्हांसच विचारले.

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हान्गार्टर नामक जर्मन डॉक्टरांनी फार पूर्वी हाच विचार केला होता. फिनलंडमधील तांब्याच्या खाणीतील मजुरांना संधिवात सहसा होत नाही, असे त्यांच्या कानी आले. तेव्हा तांब्याचा क्षार आणि सॅलिसिलेट एकत्र करून ते रोग्यांच्या शिरेत टोचू लागले. पुढे 1976 साली अमेरिकेतील जॉन सोरेन्सन यांनी ॲस्पिरिनसारख्या औषधांचा तांब्याशी रासायनिक संयोग करून उंदरांवर प्रयोग प्रसिद्ध केले. मूळ औषधापेक्षा संयुगाने सूज अधिक उतरते आणि जठरास व्रणही कमी पडतात, असे त्यांत दिसले. ऑस्ट्रेलियात तांबे व इंडोमेथॅसिन यांचे संयुग कुत्र्या-घोड्यांच्या उपचारात आले. माणसांच्या नित्याच्या उपचारांत मात्र अशा संयुगांना स्थान मिळालेले नाही.

आणि एक विलक्षण गोष्ट. अंगात दाह असताना रक्तातील तांबे घटत नाही, उलट वाढते. यकृतच ते प्रथिनाशी बांधून रक्तात सोडते. कड्याविषयी म्हणाल, तर इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या 70 रोग्यांवर परीक्षा केली. 2013 साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तांब्याच्या कड्याने वेदना वा सूज यांत उल्लेखनीय फरक पडला नाही.

प्रयोगशाळेतील संयुगात तांबे तोलून घातलेले असते. गडव्यातून किती उतरले ते कोण मोजणार? आम्ही आजींना त्यांच्याच स्वयंपाकघरातील दाखला दिला. बिनकल्हईच्या भांड्यात ताक का ठेवीत नाहीत? चिंचेने घासताच तांबे उजळते, मग तो वरचा थर जातो कोठे? ॲस्पिरिनही आम्लच. असे तांबे पोटात गेले की मळमळ, उलटी, कळा. त्यात ॲस्पिरिन आधीच जठरास बोचणारे. वृद्धांना तर त्याने रक्तस्रावही होऊ शकतो. शौचास काळे झाले वा उलटीत रक्त दिसले, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

सुनेने दुसऱ्याच दिवशी आजींना विनोबा भावे रुग्णालयात नेले, आणि गोळ्यांची पुडीही बरोबर घेतली, हे विशेष बरे झाले. गडवा आता घासूनपुसून नुसत्या पाण्यासाठी ठेवला आहे. कडे काढावयास मात्र आजी तयार नाहीत. नातू तांब्याच्या तारांच्या कारखान्यात लागला, तेव्हा पहिल्या पगारातून त्याने ते आणले होते. आम्हीही आग्रह केला नाही.