प्रवेश दिला, पथारी कोठे?

दरवर्षी जून-जुलै महिन्यांत वाघोलीच्या केसनंद फाट्यावर घटकाभर उभे राहिले, की विजेच्या खांबांवर, बसथांब्यावर आणि झेरॉक्सच्या दुकानांच्या दारांवर एकाच मजकुराचे कागद चिकटवलेले दिसतात : ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल. फक्त विद्यार्थ्यांसाठी. पी.जी.’ खाली दूरध्वनीचा क्रमांक. त्या कागदांसमोर पाठीवर ओझे घेतलेला मुलगा उभा असतो आणि त्याच्या मागे, प्रवेश शुल्काची पावती खिशात जपून ठेवलेले त्याचे वडील. या कागदांविषयी आम्हांस चार शब्द लिहावयाचे आहेत. ते सर्वांना रुचणार नाहीत, याची जाणीव ठेवूनच लिहीत आहोत. कारण त्यांतील काही क्रमांक आपल्याच लोकांचे आहेत.

गेल्या पावसाळ्यात नेवासे तालुक्यातील एका कॅथॉलिक शेतमजूर कुटुंबातील मुलगा आमच्याकडे आला. घराण्यातील तो पहिला पदवीधर. वाघोलीतील एका महाविद्यालयात त्याने एम.बी.ए.साठी प्रवेश घेतला होता. त्याच्या शिष्यवृत्तीच्या अर्जासोबतचे शिफारसपत्र आम्हीच लिहून दिले होते. मात्र ‘बाळा, तू झोपणार कोठे?’ हा प्रश्न विचारण्याचे आम्हांस सुचले नव्हते. तीन खोल्यांच्या सदनिकेत नऊ कॉट, नऊ जणांत एक शौचालय, पाणी टँकरचे आणि तेही दिवसाआड. एका कॉटचे भाडे सहा हजार, अनामत बारा हजार, दलालाचे सहा हजार. म्हणजे पहिली रात्र काढण्यापूर्वीच चोवीस हजार रुपये मोजावे लागले. पावती नाही, करारपत्र नाही. दिवाळीच्या सुटीत तो गावी गेला. परतला तेव्हा त्याच्या कॉटवर दुसराच मुलगा झोपलेला आणि याचे सामान जिन्याखाली. अनामत रक्कम ‘रंगकामासाठी’ कापून घेतलेली.

‘करारपत्र का मागितले नाहीस?’ असे आम्ही विचारले. तो म्हणाला, ‘फादर, मागितले असते तर कॉटच मिळाली नसती.’

त्या सदनिकेचे मालक आमच्या धर्मग्रामातील आहेत, हे आम्हांस नंतर कळले. जे आम्ही येथे लिहीत आहोत, ते त्यांना समक्ष सांगून झाले आहे. म्हणूनच लिहिण्यास मोकळे आहोत.

प्रथम त्या पाटीवरील ‘पी.जी.’ या दोन अक्षरांचा समाचार घेऊ. पेइंग गेस्ट म्हणजे पैसे देऊन राहणारा पाहुणा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या दृष्टीने पेइंग गेस्ट तोच, जो मालक स्वतः राहत असलेल्या घराचाच एक भाग वापरतो. मालक शहराच्या दुसऱ्या टोकाला, सदनिका वाघोलीत आणि महिन्याच्या पाच तारखेपुरते दर्शन : याला पाहुणचार म्हणत नाहीत. यजमानच घरात नसेल तर पाहुणा कोणाचा? ज्या नावात मराठी माणसाच्या घरातील सर्वांत जिव्हाळ्याचे नाते आहे, त्या नावाखाली सर्वांत बेपर्वा व्यवहार चालावा, ही भाषेचीही विटंबना आहे.

याच १९९९ च्या कायद्याचे ५५ वे कलम सांगते, की भाडेकरार असो वा लिव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृत असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, राहणाऱ्याची नव्हे. ती पाळली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आणि लेखी करार नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. आपल्यापैकी किती पालकांना हे ठाऊक आहे? आणि ठाऊक असूनही न पाळणारे आपल्यापैकी किती आहेत? ‘वस्तू व सेवा कर लागेल, म्हणून कागद करीत नाही,’ ही सबब काही जण पुढे करतात. २०२४ च्या जूनमध्ये कर परिषदेने दरमहा माणशी वीस हजार रुपयांपर्यंतचे निवासशुल्क, सलग नव्वद दिवसांचे वास्तव्य असल्यास, करमुक्त करण्याचा निर्णय घेतला. तेव्हा तीही पळवाट आता उरलेली नाही.

वाघोली ही काही निवारा नाकारणारी भूमी नव्हे. येथील खाणींच्या दगडाने पुण्यातील इमारती उभ्या राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर-धाराशिवची गावे जमीनदोस्त झाली, तेव्हा भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे बाराशे मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली आणि त्यांच्यासाठी वाघोलीत शैक्षणिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. आधी छप्पर, मग पुस्तक, हा क्रम त्या लोकांना कळला होता.

तो क्रम महाराष्ट्राला नवा नव्हता. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात वसतिगृहांचा जो पाया घातला, त्यातून जातीजातींच्या आणि धर्माधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. त्यांत इंडियन ख्रिश्चन होस्टेलही होते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये वसतिगृह काढले आणि सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीस बसवले. पुण्यात डॉ. अच्युतराव आपटे यांनी १९५५ मध्ये विद्यार्थी सहायक समिती स्थापन केली. खेड्यांतून येणाऱ्या गरीब मुलांना तिने निवारा दिला. त्याही आधी पुण्यात वार लावून जेवण्याची चाल होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. तिच्यात जातीच्या मर्यादा होत्या आणि विद्यार्थ्याच्या वाट्याला कधी अपमानही येई, हे आम्ही विसरत नाही. परंतु परगावचा विद्यार्थी हा गावाचा भार नसून गावाची जबाबदारी आहे, ही जाणीव तिच्या मुळाशी होती. ती आज कोठे गेली?

महाविद्यालये जाहिरातींत प्रयोगशाळा दाखवतात, नोकऱ्यांचे आकडे छापतात. पण प्रवेश किती आणि कॉट किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी छापण्यास धजत नाहीत. पदव्युत्तर विद्यार्थ्याची स्थिती तर अधिकच अवघड. तो बावीस-तेवीस वर्षांचा. घरून पैसे मागण्याची लाज वाटण्याचे त्याचे वय. गेट परीक्षा उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला आलेल्यास दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळू शकते. त्यातील निम्मी रक्कम कॉटलाच जाते. एम.बी.ए.च्या मुलाला तेवढाही आधार नाही.

शासनाचे हिशेब पाहा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरासाठी तिची वार्षिक रक्कम साठ हजार ठरली. त्यात निवासाचा वाटा वीस हजारांचा. बारा महिन्यांनी भागिले तर दरमहा सोळाशे सहासष्ट रुपये! एवढ्यात वाघोलीत कॉट तर सोडाच, कॉटचा पायही मिळत नाही. आणि आपल्या समाजातील ज्या मुलांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते, त्यांना तेवढेही नाही. कारण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा धर्माशी बांधला. तो १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना खुला झाला. ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. तथापि नुसते गाऱ्हाणे गाऊन भागणार नाही. महाराष्ट्रात अशा ख्रिस्ती कुटुंबांची गणना इतर मागासवर्गात होते आणि त्या वर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना सुरू झालेली आहे. जागा जिल्ह्यागणिक ठरलेल्या. दाखला वेळेवर काढून अर्ज केला, तरच लाभाची आशा. आपल्या किती धर्मग्रामांत या योजनेची सूचना मिस्सानंतर वाचली गेली? आम्हीही ती वाचली नव्हती, हे येथेच कबूल करतो.

आता सुरक्षिततेविषयी. मुलींच्या वसतिगृहाची जाहिरात करताना ‘रात्री नऊला फाटक बंद’ हे भूषण म्हणून सांगितले जाते. प्रयोगशाळेतून साडेनऊला सुटणारी मुलगी त्या बंद फाटकाबाहेर उभी राहिली, तर सुरक्षित कोण झाले? ती, की फाटक? सुरक्षितता म्हणजे आतून लागणारी कडी, आग लागल्यास बाहेर पडण्याची वाट, दिवे असलेली गल्ली, आणि महिन्याच्या मध्यावर कोणी रस्त्यावर काढणार नाही असा नोंदवलेला कागद. महाविद्यालयापासूनचे अंतर हाही सुरक्षिततेचाच भाग आहे. २३ डिसेंबर २०२४ रोजी मध्यरात्रीनंतर केसनंद फाट्याजवळ पदपथावर झोपलेल्या मजुरांवर डंपर चढला. दोन चिमुकल्यांसह तिघे दगावले. आपले विद्यार्थी पदपथावर झोपत नाहीत हे खरे. पण स्वस्त जागेसाठी लांब राहून ते त्याच रस्त्याच्या कडेने रात्री चालत येतात.

आमच्या म्हणण्यावर आक्षेप येतील. पहिला असा : ‘घराचा हप्ता आम्ही भरतो, भाडेही आम्हीच ठरवणार.’ हप्त्याचे ओझे आम्हांस मान्य आहे. भाडे घेऊ नका असे आम्ही म्हणत नाही. नऊ मुलांच्या गरजेवर कुटुंबाकडून मिळाले असते त्याच्या दुप्पट भाडे घेऊ नका, एवढेच म्हणतो. दुसरा आक्षेप : ‘मुले दंगा करतात, भिंती खराब करतात.’ करतात, त्यासाठीच करारपत्र असते, त्यात नियम लिहिता येतात. कागद नको आणि शिस्त हवी, हे कसे जमावे? तिसरा : ‘बाजारभावच तसा आहे.’ बाजारभाव आकाशातून पडत नाही. तो पाटीवर आपणच लिहितो. जून २०२१ मध्ये वाघोली पुणे महापालिकेत आली. रामवाडीपर्यंत आलेली मेट्रो वाघोलीपर्यंत नेण्यास केंद्राने २०२५ मध्ये मान्यता दिली. ती धावू लागेल तेव्हा भाव आणखी चढेल. मग काय कॉटवर दोन मुले झोपवणार?

म्हणून आमचे मागणे स्पष्ट आहे. ज्या कुटुंबांच्या सदनिका विद्यार्थ्यांना दिलेल्या आहेत, त्यांनी यंदा नोंदणीकृत करार करावेत आणि भाड्याची पावती द्यावी. अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेऊ नये. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ मध्ये संमत केलेल्या नमुना भाडे कायद्यात हीच मर्यादा आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज तो नमुना बंधनकारक होत नाही, हे आम्ही जाणतो. पण सदाचाराला राजपत्राची वाट पाहावी लागत नाही. ती अनामत सोडतेवेळी हिशेबासह परत करावी. ज्यांची मुले परदेशी गेली आहेत आणि एक खोली रिकामी आहे, त्यांनी एका विद्यार्थ्याला खरोखरचा पाहुणा म्हणून ठेवून पाहावे. प्रत्येक धर्मग्रामात जागांची वही असावी. जागा प्रत्यक्ष पाहून आलेल्या दोन प्रापंचिकांनीच तीत नोंद करावी.

आणि आम्ही धर्मगुरूंनी? आपल्या संस्थांच्या आवारांत संध्याकाळनंतर कुलूपबंद राहणाऱ्या किती खोल्या आहेत, याची मोजणी आम्ही प्रथम करावी. दुसऱ्याच्या सदनिकेतील कॉट मोजणाऱ्याने आपल्या किल्ल्यांचा जुडगा लपवू नये. आमच्या आवारात अशा दोन खोल्या निघाल्या. एकीत जुनी बाके होती, दुसरीत नाताळच्या गव्हाणीचे सामान. धर्मशाळेत जागा नव्हती ही गोष्ट दरवर्षी सांगण्यासाठी लागणारे सामान ठेवण्यास आमच्याकडे खोली होती, विद्यार्थ्यासाठी नव्हती. ते सामान आता माळ्यावर गेले आहे आणि नेवाशाचा तो मुलगा आणखी एकासह तेथे राहतो. करार नोंदवलेला आहे. भाडे तो देतो, आणि ते देताना त्याची मान खाली नसते.

ते घरमालक अद्याप आमच्याशी बोलत नाहीत. अनामत मात्र त्यांनी गेल्या महिन्यात पूर्ण परत केली. अबोला आम्ही सोसू, तुम्हीही सोसा. पण येत्या जूनमध्ये फाट्यावर कागद चिकटवण्यापूर्वी त्यावर आणखी एक ओळ लिहा : ‘करारपत्र मिळेल.’