समुद्रातून आलेल्याला समुद्रच दाखवणारे आपण

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार होता, म्हणून केरीच्या फेरीधक्क्यावर सहज उभा होतो. तेरेखोल नदीच्या मुखाशी एक छोटी शिडाची बोट नांगर टाकून उभी होती. तिच्यातून साठीचे एक गृहस्थ आणि त्यांच्या पत्नी रबरी होडीने काठाला आले. मराठी माणसे. मुंबईहून एकेक बंदर घेत निघालेली. त्यांनी विचारले, "एकच दिवस आहे आमच्याकडे. इथं पाहण्यासारखं काय?"

मी कारकून माणूस. छापील उत्तर तोंडात तयारच असते. म्हटले, "हरमलचा किनारा बघा. मोरजीचाही सुंदर आहे."

गृहस्थ हसले. "साहेब, पंधरा दिवस आम्ही समुद्रच बघतोय. गाव दाखवा!"

खरे सांगतो, मी ओशाळलो. समुद्रातून आलेल्याला मी समुद्रच दाखवायला निघालो होतो!

फेरीबोटीने आम्ही पलीकडे तेरेखोलच्या किल्ल्यावर गेलो. किल्ला कोणाचा, त्यांनी विचारले. सावंतवाडीकर भोसल्यांचा, 1746 साली पोर्तुगीजांनी घेतला, एवढे सांगितले. 15 ऑगस्ट 1954 रोजी सत्याग्रहींनी इथे तिरंगा फडकवला, हेही सांगितले. "त्यांचा म्होरक्या कोण?" या प्रश्नावर मात्र गप्प झालो. घरी येऊन पुस्तक उघडले तेव्हा नाव सापडले: आल्फ्रेड अफोन्सो. कलाशाखेचा पदवीधर मी, जन्म पेडणे तालुक्यातला, आणि हे नाव मला पुस्तकात शोधावे लागले.

त्याच पुस्तकात हळर्णचा किल्लाही भेटला. तोही 1746 सालीच पडला. जिंकणाऱ्या व्हाइसरॉयला पुढे 'मार्केस द आलोर्ना' ही पदवी मिळाली. शापोरा नदीकाठच्या आपल्या एका खेड्याचे नाव लिस्बनच्या उमराव घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मिरवले. आपण मात्र त्या गावाकडे फिरकत नाही.

परतीच्या वाटेवर धक्क्यावर एक म्हातारे खारवी भेटले. पाहुण्यांची आणि त्यांची काय गट्टी जमली म्हणता! डोलकाठी, परबाण, सुकाणू, रात्रीचा मतलई वारा, दुपारनंतरचा खारा वारा... तासभर मी तोंड उघडे टाकून ऐकत होतो. हे शब्द माझ्याच भाषेतले, आणि मीच त्यांना परका! म्हाताऱ्यांचा नातू किनाऱ्यावर पर्यटकांना जेट-स्कीवर बसवतो. त्याला यातला एकही शब्द ठाऊक नाही.

कोणी म्हणेल, पर्यटनावर लोकांची पोटे आहेत, त्याचे काय? मान्य आहे. त्या नातवाच्या धंद्याला मी नावे ठेवत नाही. मोपाचा विमानतळ जानेवारी 2023 पासून सुरू झाला, तेव्हापासून पाहुणे थेट पेडण्यातच उतरतात. येऊ देत की! पण पाहुण्याने वाळू आणि बाटली यांपलीकडे काही विचारले, तर उत्तर देणारा माणूस घडवला कोणी? सरकारला दोष देणे सोपे आहे. मराठी राजभाषा व्हावी म्हणून सभांतून घसा कोरडा करणारे आपण, आपल्याच नदीची, वाऱ्याची, गलबताची मराठी कधी मुलांच्या कानी घातली?

डिचोलीची कथाही निराळी नाही. नार्व्याला सप्तकोटीश्वराच्या दर्शनाला आपण जातो. नदीपल्याड जे दिवाडी बेट दिसते, तिथल्या एका गोदीत रत्नाकर दांडेकर यांनी 'म्हादेई' ही शिडाची नौका बांधली. 2009-10 साली दिलीप दोंदे यांनी तिच्यातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये तिच्यातूनच कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी केली. आपल्या नदीचे नाव घेऊन ती न्यूझीलंडच्या लिटलटन बंदरात जाऊन आली. आणि आपल्याला नदीतल्या बोटी म्हटले की काय आठवते? मांडवीत नांगरून ठेवलेली कॅसिनो जहाजे! जी कुठेच जात नाहीत, ती सर्वांना ठाऊक. जी जग फिरून आली, तिचे नाव शाळेत विचारून पाहा.

संध्याकाळी पाहुणे निघाले. पेडण्याच्या भगवतीच्या दारातले दोन दगडी हत्ती त्यांना फार आवडले होते. निघताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "या गावाबद्दल आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं हो."

सांगायचे कोणी होते? आपणच ना?

पुढच्या रविवारी मी माझ्या मुलाला घेऊन त्या म्हाताऱ्या खारव्यांकडे जाणार आहे, वही-पेन घेऊन. तुमच्या वाड्यावरही असा एखादा म्हातारा असेलच. तो आहे तोवर जा.